‘यांनी’ की ‘याने’: वैमानिक रुडेलची कारकीर्द वाचताना

माझा भाचा ऐरोलीला राहतो. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानांच्या छोट्या प्रतिकृती तयार करण्याचा छंद त्याने शाळेपासून जोपासला आहे. आमच्या नौपाड्यातील सोसायटीच्या गणेशोत्सवात रहिवासी आणि त्यांच्या नातेवाइकांच्या छंदांचे प्रदर्शन भरवायचे ठरले, तेव्हा त्यानेही आपली दोन-तीन विमाने मांडावीत असे मी सुचवले. त्याने निवडलेल्यांपैकी एक विमान दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘युंकर्स 87’, म्हणजेच स्टुका, हे होते. त्याचे पंख मध्येच खाली वाकून पुन्हा वर गेलेले होते, चाके पोटात न जाणारी होती आणि दोन्ही पंखांखाली एकेक लांब तोफ होती. विमानाशेजारी लावायच्या माहितीफलकाचा मजकूर त्याने शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे दिला. पहिले वाक्य असे होते: ‘हान्स-उलरिश रुडेल यांनी 2530 लढाऊ उड्डाणे केली आणि 519 रणगाडे नष्ट केले.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी अडखळलो तो ‘यांनी’ या शब्दापाशी.

मराठीत कोणाविषयीही लिहायला बसले की पहिल्याच क्रियापदाबरोबर त्या माणसाला आपण कुठे बसवतो ते ठरवावे लागते. इतिहासाच्या पुस्तकांत अफजलखान, नेपोलियन आणि हिटलर एकेरीत येतात, तर शिवाजी महाराज, सावित्रीबाई आणि लोकमान्य आदरार्थी बहुवचनात येतात, आणि हा फरक आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की वाचताना तो जाणवतही नाही. रुडेल हा जर्मनीच्या संपूर्ण सैन्यात सर्वाधिक सन्मानित झालेला वैमानिक होता. त्याच्या धैर्याविषयी त्याच्या शत्रूंनीही शंका घेतलेली नाही. त्याला कोणते रूप द्यायचे हा प्रश्न मला असा लागून राहिला की पुढचे दोन महिने मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत होतो. या लेखात मी त्याला एकेरीच संबोधले आहे. त्याचे कारण त्याच्या कारकिर्दीतूनच यायला हवे, म्हणून आधी ती कारकीर्द सांगतो.

रुडेलचा जन्म 2 जुलै 1916 रोजी सिलेशियात झाला. हा प्रदेश तेव्हा जर्मनीत होता, आज त्याचा बहुतांश भाग पोलंडमध्ये आहे. वडील प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलगा अभ्यासात यथातथा आणि खेळांत मात्र अतिशय पुढे. 1936 मध्ये तो जर्मन हवाई दलात, म्हणजे लुफ्तवाफेत, दाखल झाला. पुढे जे घडले ते पाहता त्याची सुरुवात विलक्षण फिकी वाटते. सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांसाठी निवड झालेली असूनही 1939 मध्ये पोलंडवरील आक्रमणात तो लांब पल्ल्याच्या टेहळणी विमानात निरीक्षक म्हणून बसला होता. स्टुकाच्या तुकडीत परत आल्यावरही वरिष्ठांचे मत त्याच्याविषयी चांगले नव्हते. त्याला शिकायला वेळ लागतो असे ते समजत, आणि 1941 च्या वसंतात क्रीट बेटावरील लढाईत त्याची तुकडी लढत असताना त्याला लढाऊ उड्डाणांपासून दूर ठेवण्यात आले. तो दारू पीत नसे, सिगारेट ओढत नसे, दूध पिऊन लवकर झोपायला जात असे आणि रोज व्यायाम करीत असे. तरुण वैमानिकांच्या भोजनगृहात अशा माणसाचे फारसे कोणाशी जमत नाही. सोव्हिएत संघावरील आक्रमण 22 जून 1941 रोजी सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे रुडेलने पहिले हल्ल्याचे उड्डाण केले आणि त्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत अशी चार उड्डाणे पूर्ण केली.

स्टुका हे नाव ‘सूर मारून लढणारे विमान’ या अर्थाच्या लांबलचक जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. उपवन तलावावर खंड्या पक्षी तारेवरून पाण्यात झेपावताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना या विमानाची रीत चटकन कळेल, कारण मासा ज्या रेषेत आहे त्याच रेषेत शरीर सोडून देण्यात त्या पक्ष्याची अचूकता असते. सपाट उडणाऱ्या विमानातून टाकलेला बॉम्ब पुढे वाहत जातो आणि लक्ष्य चुकते. तेच विमान लक्ष्यावर जवळजवळ उभे खाली आले तर बॉम्ब त्याच दिशेने सुटतो. वैमानिकाच्या पायांपाशी तळाला एक खिडकी असे. लक्ष्य तिच्यात आले की विमान कुशीवर कलंडवून 70 ते 80 अंशांच्या कोनात खाली सोडायचे. हा कोन मोजण्यासाठी काचेच्या छताच्या बाजूला लाल रेषा आखलेल्या असत. पंखांखालच्या झडपा उघडून वेग आवरला जाई, पोटाखालचा बॉम्ब एका दुबेळक्यावर झुलून पंख्याच्या कक्षेबाहेर जाऊन सुटे, आणि एक स्वयंचलित यंत्रणा विमानाचे नाक पुन्हा वर उचले. त्या क्षणी शरीरावर पाच-सहा पट भार येऊन वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असल्याने ही यंत्रणा ठेवावी लागली होती. चाकांच्या खांबांवर बसवलेल्या भोंग्यांचा आक्रोश खालच्या माणसांचे धैर्य खचवण्यासाठी होता. ब्रिटनवरील हवाई लढाईत, 1940 च्या ऑगस्टमध्ये, वेगवान लढाऊ विमानांपुढे हे संथ विमान इतके हतबल ठरले की त्याला तिथून मागे घ्यावे लागले. पूर्व आघाडीवर, जिथे आकाश बराच काळ जर्मनांच्या हाती होते, ते पुढेही लढत राहिले.

23 सप्टेंबर 1941 हा दिवस रुडेलच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. लेनिनग्राडजवळच्या क्रोनश्टाट बंदरात ‘मारात’ ही सोव्हिएत युद्धनौका उभी होती. तीन-तीन तोफांचे चार बुरुज असलेली ही नौका आपल्या 305 मिलिमीटर तोफांनी वेढ्याच्या जर्मन फळीवर मारा करीत होती. आधीच्या आठवड्यात 500 किलोच्या बॉम्बने तिचे फारसे बिघडले नव्हते, म्हणून 1000 किलोचे, चिलखत भेदून आत गेल्यावर फुटणारे बॉम्ब मुद्दाम मागवण्यात आले. विमानवेधी तोफांच्या दाट भडिमारातून रुडेलने सूर मारला आणि त्याच्या बॉम्बने पुढच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. नौकेचा पुढचा भाग फुटून ती उथळ पाण्यात तळाला टेकली. 326 खलाशी मरण पावले. मात्र पाणी उथळ असल्याने मागचा भाग वर राहिला, आणि काही काळाने मागच्या बुरुजांतील तोफा दुरुस्त करून सोव्हिएत खलाशांनी त्याच जागेवरून पुन्हा मारा सुरू केला. ‘युद्धनौका बुडवली’ या वाक्यात ही गोष्ट मावत नाही, आणि ती सोडून देणे त्या खलाशांवर अन्याय करणारे ठरेल.

त्या दिवसाचा आणखी एक तपशील मी वाचला आणि त्यानंतर या माणसाच्या कारकिर्दीकडे पाहण्याची माझी दिशा बदलली. स्टुकात दोन माणसे बसत. पुढे वैमानिक, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, शेपटीकडे तोंड करून बसलेला मशीनगनवाला. मारातवरील हल्ल्यात रुडेलच्या मागे आल्फ्रेड शार्नोव्स्की बसला होता. त्यानंतर त्याच दिवशी ‘किरोव्ह’ या क्रूझरवर हल्ला करायला गटप्रमुख स्टीन निघाला असता त्याचे स्वतःचे विमान जमिनीवरच नादुरुस्त झाले, म्हणून त्याने रुडेलचे विमान घेतले, आणि विमानाबरोबर त्याचा मशीनगनवालाही गेला. विमानवेधी तोफेचा गोळा लागून ते विमान कोसळले आणि दोघेही मेले. रुडेल धावपट्टीवर उभा होता. ज्या दिवशी त्याला जगभर नाव मिळाले त्याच दिवशी त्याच्या पाठीशी बसलेला माणूस त्याच्या विमानात, त्याच्याशिवाय मेला. माझ्या भाच्याच्या फलकावर शार्नोव्स्कीचा उल्लेख नव्हता. तो फारसा कुठेच नसतो.

त्या नौकेच्या तोफा कशाचे रक्षण करीत होत्या हेही सांगितले पाहिजे. लेनिनग्राडचा वेढा 8 सप्टेंबर 1941 ला पडला आणि तो 27 जानेवारी 1944 ला पूर्णपणे उठला. या काळात शहरातले लाखो नागरिक भुकेने आणि थंडीने मेले, आणि त्यांना उपाशी मारणे हे वेढ्याचे उद्दिष्टच होते. रुडेलच्या आठवणींत तोफांची संख्या, ढगांची उंची आणि सुराचा कोन बारकाईने येतो. त्या तोफांच्या मागे असलेले शहर येत नाही.

पुढे फक्त आकडे वाढत जातात. फेब्रुवारी 1943 मध्ये त्याचे हजारावे लढाऊ उड्डाण झाले, जून 1944 मध्ये दोन हजारावे, आणि युद्ध संपताना ही संख्या 2530 होती, जी जगातील कोणत्याही वैमानिकाने गाठलेली नाही. मी कागदावर हिशोब मांडून पाहिला. 23 जून 1941 पासून 8 मे 1945 पर्यंत साधारण 1415 दिवस होतात. त्यांतून जखमांमुळे आणि आजारपणामुळे इस्पितळात गेलेले दिवस, बर्फाची वादळे आणि चिखलाचे आठवडे वजा न करताही रोजची सरासरी पावणेदोन उड्डाणांची येते. हे शक्य झाले कारण त्याचे तळ आघाडीपासून अगदी जवळ असत आणि एक फेरी बऱ्याचदा तासाभरात पूर्ण होई. त्याहून मोठे कारण मात्र व्यवस्थेचे होते. जर्मनीवर बॉम्बफेक करणाऱ्या अमेरिकन बॉम्बर विमानांतील माणसांना सुरुवातीला 25 मोहिमा पूर्ण केल्यावर आघाडीवरून मोकळे केले जाई, आणि मुरलेले वैमानिक प्रशिक्षक म्हणून परत पाठवले जात; त्यांच्या अनुभवातून पुढची पिढी तयार होई. जर्मनीत असा नियम नव्हता. चांगला वैमानिक मरेपर्यंत किंवा पांगळा होईपर्यंत उडत राही, त्यामुळे मूठभर माणसांच्या नावावर अविश्वसनीय आकडे जमले आणि त्यांच्याशेजारी अपुरे शिकलेली मुले पहिल्या आठवड्यातच मरत गेली. रुडेलच्या आकड्यात त्याचे कौशल्य आहेच, पण त्याच्या सैन्याची ही उधळपट्टीही आहे.

आता तोफांकडे येतो, कारण या विषयाशी माझे स्वतःचे नाते तिथेच जुळते. वागळे इस्टेटमधील एका टूलरूममध्ये मी सदतीस वर्षे काम केले. कठीण पोलाद कापायला लेथवर जे हत्यार लावतो त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा असतो. आमचे जुने कारागीर त्याला कार्बाइड न म्हणता ‘विडिया’ म्हणत. ‘विडिया टूल दे’, ‘विडियाची टिप उडाली’ हे शब्द मी रोज ऐकत आणि बोलत होतो आणि हा मराठी कारखान्यातलाच एखादा शब्द असावा असे मला बरीच वर्षे वाटत होते. प्रत्यक्षात ते जर्मनीच्या क्रुप कंपनीचे 1920 च्या दशकातील व्यापारी नाव आहे, आणि ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांपासून ते बनले आहे. टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टबरोबर दाबून, भट्टीत भाजून तयार होणारा हा पदार्थ पोलादापेक्षा कितीतरी कठीण आणि जवळजवळ दुप्पट जड असतो. पोलाद कापण्यासाठी आम्हाला जे दोन गुण हवे असत तेच रणगाड्याचे चिलखत भेदायला लागतात, आणि रुडेलच्या तोफांच्या गोळ्यांच्या पोटात याच जातीच्या पदार्थाचा गाभा होता. हे वाचले त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. जी वस्तू मी आयुष्यभर बोटांत धरली तिचे हे दुसरे काम मला ठाऊक नव्हते.

या तोफा म्हणजे मुळात 37 मिलिमीटर व्यासाच्या विमानवेधी तोफा होत्या. 1943 मध्ये त्या स्टुकाच्या पंखांखाली टांगण्यात आल्या आणि विमानाची ‘जी’ ही आवृत्ती तयार झाली. प्रत्येक तोफेला फक्त 12 गोळे मिळत. सुराच्या वेळी वेग आवरणाऱ्या झडपा काढून टाकल्या होत्या, त्यामुळे या विमानाला पूर्वीसारखा सूर मारता येत नसे, आणि दोन तोफांच्या ओझ्याने आधीच संथ असलेले विमान आणखी जड, आणखी आळशी झाले होते. वैमानिकाला जमिनीपासून काही मीटर उंचीवरून, अगदी जवळ जाऊन, एकेक गोळा मोजून मारावा लागे. रुडेल रणगाड्याच्या मागून येई, कारण टी-34 रणगाड्याचे पुढचे तिरपे चिलखत जाड असले तरी मागे इंजिन असते, त्याच्यावरचे झाकण पातळ असते, त्यात थंड हवेसाठी जाळ्या ठेवाव्या लागतात आणि इंधनही जवळच असते. नेहमीचे बॉम्ब घेतलेली काही स्टुका विमाने तेवढा वेळ आजूबाजूच्या विमानवेधी तोफांना गुंतवून ठेवत. कारागिराच्या नजरेने पाहिले तर यातले प्रत्येक पाऊल विचारपूर्वक आखलेले आहे हे मी नाकारू शकत नाही. दुसरीकडे, टंगस्टन जर्मनीत पुरेसे नव्हते. ते मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमधून येई, आणि जून 1944 मध्ये पोर्तुगालने त्याची निर्यात बंद केली. रणगाडे भेदायला वापरलेले टंगस्टन कारखान्यांतील हत्यारांना कमी पडत असणार, हे टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

जुलै 1943 मध्ये कुर्स्कच्या लढाईत या विमानाची खरी परीक्षा झाली. पहिल्याच दिवशी आपण 12 रणगाडे नष्ट केल्याचे रुडेलने लिहिले आहे. इथे ‘लिहिले आहे’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. 519 हा आकडा जर्मन हवाई दलाने मान्य केलेल्या दाव्यांचा आहे. धुराने, धुळीने भरलेल्या रणांगणावर ताशी 250 किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला पेटलेला रणगाडा कायमचा गेला की संध्याकाळी ओढून नेऊन दुरुस्त होणार, किंवा तो सकाळीच दुसऱ्याने निकामी केलेला होता, हे कळणे फार कठीण असते. सर्वच देशांच्या वैमानिकांचे असे दावे युद्धानंतर कागदपत्रांशी ताडून पाहिल्यावर फुगलेले निघाले. म्हणून या आकड्यातून अर्धे वजा करावेत की तिसरा हिस्सा, या वादात मी पडत नाही. समजा तो पूर्ण खरा आहे. मग टी-34 च्या सुरुवातीच्या प्रकारात चार माणसे बसत, हेही त्याच फलकावर लिहिले पाहिजे. 519 ला चाराने गुणले की 2076 होतात. त्यांतले काही उड्या टाकून वाचलेही असतील. पण रणगाडा हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त लोखंड येते, आणि आपल्याच देशावर चालून आलेल्या सैन्याला अडवणारी आतली माणसे येत नाहीत.

रुडेलचा सर्वांत दीर्घकाळचा सोबती एर्विन हेन्शेल होता. त्याने मागच्या आसनावर बसून सुमारे 1400 लढाऊ उड्डाणे केली आणि डिसेंबर 1943 मध्ये त्यालाही नाइट्स क्रॉस हा उच्च सन्मान मिळाला. मार्च 1944 मध्ये निस्टर नदीवरील याम्पोल इथल्या पुलावर हल्ला करताना त्यांच्या तुकडीतले एक विमान नदीपलीकडे, सोव्हिएत सैन्याच्या ताब्यातल्या भागात उतरले. यापूर्वी सहा वेळा रुडेलने असे शत्रूच्या प्रदेशात उतरून आपल्या माणसांना उचलून आणले होते. या वेळीही तो उतरला, पण बर्फ वितळून झालेल्या चिखलात त्याच्या विमानाची चाके रुतली आणि ते उडेना. चौघे नदीकडे धावले. बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या त्या पात्रात त्यांनी उड्या टाकल्या. रुडेल काठाला लागला, मागे वळून पाहिले तर हेन्शेल पाण्यात हात वर करून धडपडत होता. रुडेलने पुन्हा पाण्यात उडी घेतली, पण तो पोहोचेपर्यंत हेन्शेल बुडाला होता. नंतर ज्या काठाला ते लागले होते तिथेच बाकीचे दोघे सोव्हिएत सैनिकांच्या हाती सापडले. रुडेल पळाला, खांद्यात गोळी लागली तरी पळत राहिला आणि अनवाणी चालत जर्मन फळीत परतला. आठवड्याभराने, 29 मार्च 1944 रोजी, त्याला ओकची पाने, तलवारी आणि हिरे असलेला नाइट्स क्रॉस जाहीर झाला.

हा प्रसंग मी तीनदा वाचला. स्वतः वाचल्यावर सोबत्यासाठी पुन्हा त्या पाण्यात उडी टाकणारा माणूस लहान नसतो, हे मी मनापासून मानतो. ज्या लिखाणात त्याला सरसकट भित्रा किंवा प्रचाराने फुगवलेला बाहुला ठरवलेले असते ते मला पटत नाही. धैर्याविषयी खोटे बोलून पुढचा प्रश्न सुटत नाही. तो उलट सोपा करून टाकला जातो.

हेन्शेलनंतर मागच्या आसनावर एर्न्स्ट गाडरमान बसू लागला, आणि तो तुकडीचा डॉक्टर होता. नोव्हेंबर 1944 मध्ये हंगेरीत रुडेलच्या मांडीला गोळ्या लागल्या. काही दिवसांनी तो पायाला प्लास्टर घालून उडत होता. फेब्रुवारी 1945 मध्ये, लढाई ओडर नदीपर्यंत, म्हणजे बर्लिनच्या दारापर्यंत येऊन ठेपली असताना, लेबुसजवळ विमानवेधी तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा पाय चिरडला गेला. विमान कसेबसे जमिनीवर आपटले. गाडरमानने रक्तस्राव थांबवला नसता तर रुडेल तिथेच संपला असता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मार्च संपण्यापूर्वी तो पुन्हा विमानात होता. संपूर्ण युद्धात त्याला तीसहून अधिक वेळा जमिनीवर उतरणे भाग पडले आणि दर वेळी कारण जमिनीवरच्या तोफांचा मारा हेच होते; कोणत्याही सोव्हिएत लढाऊ विमानाला तो कधी पाडता आला नाही.

1944 च्या डिसेंबरअखेर हिटलरने नाइट्स क्रॉसची आणखी एक पायरी निर्माण केली: ओकची पाने सोन्याची. ती बारा जणांना द्यायची कल्पना होती, प्रत्यक्षात फक्त रुडेलला मिळाली. त्याला यापुढे उडू नये असे सांगण्यात आले असता त्या अटीवर हा सन्मान नको, असे आपण उत्तर दिल्याचे तो लिहितो. तेव्हा तो कर्नल आणि आपल्या विंगचा प्रमुख होता. 8 मे 1945 रोजी बोहेमियातून मोजकी विमाने घेऊन तो किट्झिंगेनच्या अमेरिकन तळावर गेला आणि त्याने शरणागती पत्करली. विमाने शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून उतरताना चाके मोडून टाकण्याचा आदेश त्याने आपल्या वैमानिकांना दिला होता.

बहुतेक लेख इथे थांबतात, आणि माझ्या भाच्याचा फलकही इथेच थांबला होता. पण सैनिक हुकमाचा ताबेदार असतो हा बचाव 8 मे 1945 च्या संध्याकाळी संपतो. त्यानंतर रुडेल आणखी सदतीस वर्षे जगला, आणि या काळात त्याला कोणाचाही हुकूम नव्हता. 1948 मध्ये तो अर्जेंटिनात गेला. तिथे त्याने फरार आणि तुरुंगात असलेल्या नाझींना मदत करणारी संस्था चालवली. आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा डॉक्टर योसेफ मेंगेले पॅराग्वेत सुखरूप राहावा म्हणून ज्यांनी आपल्या ओळखी वापरल्या त्यांत रुडेल होता. पॅराग्वेचा हुकूमशहा स्ट्रोसनर आणि अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांच्याकडे त्याची ऊठबस होती. 1953 मध्ये पश्चिम जर्मनीत तो एका अतिउजव्या पक्षाचा प्रमुख उमेदवार म्हणून उभा राहिला आणि हरला. हिटलरविषयीची भक्ती त्याने कधीही मागे घेतली नाही. 1976 मध्ये जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यासाठी त्याला ब्रेमगार्टनच्या हवाई तळावर येऊ देण्यात आले. या निर्णयाचे समर्थन करणाऱ्या दोन जनरलना मुदतीपूर्वी निवृत्त व्हावे लागले. 18 डिसेंबर 1982 रोजी तो रोझेनहाइममध्ये वारला. त्याच्या दफनविधीला जमलेल्यांपैकी काहींनी हात पुढे करून हिटलरी सलाम केला.

कापलेल्या पायाने त्याने अँडीजमधल्या सहा हजार मीटरहून उंच युल्याइयाको शिखरावर चढाई केली, हेही याच काळातले. त्याच्यातली जिद्द युद्धानंतर विझली नव्हती. तिचा वापर कुठे करायचा हे आता पूर्णपणे त्याच्या हातात होते, आणि त्याने मेंगेलेला मदत केली. माझ्यापुरता ‘यांनी’ या शब्दाचा निकाल इथे लागला.

याच अर्जेंटिनात आणखी एक जर्मन माणूस काम करीत होता, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात स्टुकांची जागा घेणाऱ्या ‘फोक-वुल्फ 190’ या विमानाचा रचनाकार कुर्ट टांक हा पेरॉनच्या काळात तिथे होता. तो 1956 मध्ये भारतात आला आणि बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ‘मारुत’ हे आपले पहिले जेट लढाऊ विमान तयार झाले. ते 17 जून 1961 रोजी पहिल्यांदा उडाले आणि 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करण्यासाठी वापरले गेले. त्याच युद्धात लोंगेवालाच्या वाळवंटात आपल्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाड्यांची जी अवस्था केली तिचे वर्णन माझ्या पिढीने रेडिओवर, वर्तमानपत्रांत आणि नंतर असंख्य गप्पांत ऐकले आहे. हवाई छत्राशिवाय उघड्यावर आलेला रणगाडा विमानापुढे किती असहाय असतो याचे ते उदाहरण होते. अमेरिकेच्या ‘ए-10’ या विमानाची कल्पना आकार घेत असताना रुडेलच्या अनुभवांचा अभ्यास केला गेला होता. तंत्र एका सैन्याकडून दुसऱ्या सैन्याकडे जात राहते. ते शिकण्यासाठी शिकवणाऱ्याच्या निष्ठा स्वीकाराव्या लागत नाहीत, आणि म्हणूनच त्याचे तंत्र वाचताना त्याच्या निष्ठा झाकण्याचीही गरज नाही.

हे सगळे मी भाच्याला एका रविवारी सकाळी, तलावपाळीवर फिरताना सांगितले. तो ऐकत होता, मध्येच वाद घालत होता. ‘मामा, मग हे विमान ठेवूच नको का?’ असे त्याने विचारले, तेव्हा मी ठामपणे नाही म्हणालो. विमान ठेवायचेच, तोफाही दिसल्या पाहिजेत, 2530 हा आकडाही राहिला पाहिजे. फलकावर मारातचे 326 खलाशी, टी-34 मधली चार माणसे आणि 1945 नंतरची दोन वाक्ये यांना जागा करायची, आणि ‘यांनी’ च्या जागी ‘याने’ लिहायचे, एवढेच मी सुचवले. पहिल्या दोन गोष्टी त्याने लगेच मान्य केल्या. तिसरीसाठी त्याला आठवडा लागला. ‘याने’ मात्र त्याने मला न सांगता स्वतःच केले होते, हे मी दुरुस्त मसुदा हातात आल्यावर पाहिले.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तो विमान घेऊन घरी आला. दिव्याखाली धरल्यावर माझ्या लक्षात आले की पुढच्या आसनावर रंगवलेला वैमानिक बसला होता आणि मागचे आसन रिकामे होते. संचात दोन माणसे आली होती, पण काचेचे छत चिकटवण्याच्या घाईत दुसरा रंगवायचा राहून गेला, असे तो म्हणाला. छत काढता येईल का, असे मी विचारले. त्याने पातळ पात्याने कडेचा चिकटपणा सोडवायला सुरुवात केली आणि मान वर न करता विचारले, ‘मागे कोण बसवू? हेन्शेल की तो डॉक्टर?’ विमानावरची चिन्हे कुर्स्कच्या उन्हाळ्यातली होती. हेन्शेल, असे मी सांगितले.